पाण्याची पाळी

सहा वर्षं मी लाकडाला पाणी पाजलं.
वीस मिनिटं झाली की कॉक उघडायचा,
चार मिनिटं फवारा, बंद,
वहीत सही : आदगोंडा बाळगोंडा चौगुले.
आमच्या उसाला आठवड्यानं पाळी यायची,
गलबताला तासाला तीन.

सापडलं ते संगमाच्या खाली, नदी आटली त्या वैशाखात.
वाळू उपसणाऱ्या बोटीची बादली अडकली,
सुक्कानवाल्याला वाटलं जुन्या पुलाचा खांब असेल.
खांबाला तोफेचं भोक कशाला?

सव्वाशे वर्षं गाळात, आणि फळ्या शाबूत.
मॅडमनी खडूनं काढून दाखवलं :
वर पाणी, खाली गाळ, मध्ये लाकूड,
हवा नाही म्हणून कीड नाही.
मी म्हणालो, म्हणजे पेव.
त्यांनी खडू खाली ठेवला.
पेव म्हणजे?

बाप हरिपूरला पेवांवर हमाल.
तोंड उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
'जिथं कंदील मरतोय तिथं किडा बी मरतोय,'
म्हणून हळद पाचव्या वर्षीही पिवळीधमक.
मॅडमनी हे सगळं वहीत लिहून घेतलं,
बापाचं नाव विचारून.

बुडालं कसं, ते लहान पोरालाही कळेल.
संस्थानिकांना लढाऊ गलबत हवं होतं.
लढाई कुणाशी? पलीकडे शाळू होता नुसता.
नेमू सुताराचं म्हणणं, पोटात काळा दगड भरा,
तोफा खाली ठेवा.
हुकूम आला : तोफा वरच्या मजल्यावर,
घाटावरून दिसल्या पाहिजेत.
मग अजून एक मजला, राणीसाहेबांना बसायला.
नेमूनं फळीवर पाण्याचा भरला तांब्या ठेवला,
तो सरकत सरकत कठड्याला टेकला.
कारभाऱ्यांनी तांब्या उचलायला लावला.

दसऱ्याला सोडलं. वारणेकडून वारं आलं,
फार नाही, धोतराचा सोगा उडेल इतकंच.
चारशे हात गेलं आणि आडवं झालं.
अकरा माणसं. त्यातला एक शिंगवाला,
म्हणतात शिंग पाण्यात जाईपर्यंत वाजत होतं.
मला खरं वाटत नाही.
पण शिंग सापडलं, हेही खरं.

दुष्काळाच्या साली तासगावाकडची एक बाई
घागर घेऊन फाटकाशी उभी राहिली.
'मान्सास्नी ट्यांकर, आन् लाकडास्नी फवारा व्हय?'
काय बोलणार. आत घेऊन गेलो,
टाकी दाखवली : तेच तेच पाणी, महिनोन्‌महिने फिरवलेलं,
खिळ्यांच्या गंजानं चहासारखं.
तिनं ओंजळीत घेऊन वास घेतला.
'म्हसरू बी प्यायचं न्हाई.'
तरी घागर भरून नेली, भांडी घासायला.

मग पाणी बंद, मेणाचं औषध सुरू.
मॅडम म्हणाल्या, लाकूड आता मेणावर उभं आहे,
आतला जीव कधीच गेलाय,
आकार तेवढा आपण धरून ठेवलाय.
मला बापाचे शेवटचे सहा महिने आठवले.
बोललो नाही.

आता मोठा हॉल आहे, गार हवा, तिकीट तीस रुपये.
शाळेची पोरं येतात, तोफेच्या भोकात तोंड घालून ओरडतात.
नेमूचा ओळंबा गाळातच सापडला होता,
शिशाचा, चिंचोक्याच्या रंगाचा.
उद्घाटनाच्या आदल्या रात्री आम्ही दोघांनी
तो नव्या दोरीनं डोलकाठीशेजारी टांगला.
हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली.
काठी डावीकडे कलली होती, दोन बोटं.
मॅडमनी पाहिलं. मी पाहिलं.
त्या म्हणाल्या, असू दे, असंच होतं ते.

पाटीवर बांधणाऱ्याच्या जागी संस्थानिकांचं नाव आहे.

मी आता दारावर तिकिटं फाडतो, दिवसपाळी.
रात्री दोन वीसला जाग येते,
हात अंधारात उशाशी कॉक शोधतो,
तिथं पाण्याचा तांब्या असतो.
थोडं पितो.
मग बघत बसतो, तो सरकतोय का.